खाडा न पडता मिळते ती मदत

प्रश्न असा आला आहे: पौड रस्त्यालगतच्या एका सोसायटीतल्या काही कुटुंबांना शेजारच्या महापालिका शाळेसाठी आणि मागच्या वस्तीसाठी काही करायचं आहे. दर जूनला ते दप्तरं-वह्या वाटतात, तरी आठवी-नववीपर्यंत येता येता ओळखीची कितीतरी मुलं शाळेतून दिसेनाशी होतात. तर शाळेने काय करावं आणि आसपासच्या लोकांनी काय करावं?

मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये आणि महापालिकेच्या शाळांमध्ये समाजकार्यकर्ती म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. जे सांगते ते त्या कामातून आलेलं आहे.

वह्या वाटणं बंद करा असं मी म्हणणार नाही, वह्या लागतातच. पण वही नव्हती म्हणून शाळा सोडली, असं मूल मला क्वचित भेटलं. महिन्याचा मेळ बसत नाही तेव्हा घरात सगळ्यात आधी मुलाचा वेळ खर्ची पडतो, आणि मुलाच्या आधी मुलीचा. म्हणून कुणी कुठलीही मदत सुचवली की मी आधी एवढंच विचारते: ही मिळवायला आईबापाचे किती खाडे पडणार? रोजंदारीवरच्या माणसाला दाखल्यासाठी, सहीसाठी, पालकसभेसाठी, बँकेतल्या अंगठ्यासाठी एकेक खाडा पडतो. चार खाडे घालून बाराशे रुपयांची मदत मिळत असेल तर ते कुटुंब ती सोडून देतं, आणि त्यांचा हिशेब बरोबर असतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटतं की यांना कशाची किंमत नाही.

एका घराचा हिशेब मांडून बघू. बाप बिगारी. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहतो. साडेनऊपर्यंत कोणी नेलं तर दिवस लागला, नाहीतर तसाच परत. आई चार घरची धुणीभांडी करते. मेमध्ये त्यातली दोन घरं गावाला जातात आणि जेवढे दिवस काम नाही तेवढे पैसे कापतात. जूनमध्ये पाऊस लागतो, बिगाऱ्याचं काम निम्म्यावर येतं, पत्र्यावर प्लास्टिक टाकावं लागतं, घरात कुणीतरी तापाने पडतं, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात शाळा उघडते. या घरांना वर्षातला सगळ्यात अवघड महिना म्हणजे जून. तेव्हा उचललेले पैसे शेकडा दहाने, म्हणजे महिन्याला शंभरामागे दहा रुपये व्याजाने असतात, आणि ते दिवाळीपर्यंत फिटत नाहीत. दिवाळीनंतर मोठी मुलगी आईबरोबर कामाला जायला लागते. डिसेंबरच्या हजेरीत तिच्या नावापुढे सलग गैरहजेरीच्या खुणा दिसतात, तेव्हा त्याचं मूळ मेमध्ये कापलेल्या पगारात असतं.

म्हणून तुमच्या सोसायटीला माझं पहिलं सांगणं शाळेबद्दलचं नाहीच. मागच्या वस्तीतल्या कितीतरी आया तुमच्याकडेच कामाला येतात. त्यांना मे महिन्याचा पूर्ण पगार द्या. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी द्या. आजारपणाच्या रजेचे पैसे कापू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात लागेल तशी बिनव्याजी उचल द्या आणि ती सहा-आठ महिन्यांत थोडी थोडी वळती करा. हे सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, सोसायटीच्या सभेत ठराव म्हणून मांडलं, तर एकट्या बाईला प्रत्येक दारात मागत फिरावं लागत नाही. दप्तरवाटपाच्या शंभर कार्यक्रमांनी होणार नाही एवढं काम हा एक ठराव करेल. दान हवं तेव्हा थांबवता येतं. पगार हक्काचा असतो, आणि त्याच्या भरवशावर घरातली माणसं पुढच्या वर्षाचा विचार करू शकतात.

याचा पुरावा पुण्यातच आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या १९९० च्या आसपास कचरावेचक बायका-मुलांना शिकवायला जात होत्या. शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की आईच्या पाठीवरचं पोतं हलकं झाल्याशिवाय मुलीच्या हातात पाटी टिकणार नाही. त्यातून आधी वेगळा केलेला सुका कचरा थेट घराघरांतून घेण्याची मागणी पुढे आली, आणि १९९३ मध्ये हमाल पंचायतीच्या बाबा आढावांच्या पुढाकाराने झालेल्या मेळाव्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं आली, पतसंस्था आली, २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था कामाला लागली. या सगळ्यात शाळा केंद्रस्थानी नव्हती, तरी पंचायतीच्या सभासदांच्या घरांमधून मुलं कचरा वेचायला जाणं घटलं ते आईचं काम सुधारल्यामुळे. तुमच्याकडे ‘स्वच्छ’ची ताई येत असेल तर तिचं महिन्याचं शुल्क वेळेवर आणि न कुरकुरता देणं, तिला ओला-सुका वेगळा करून देणं, हीसुद्धा शिक्षणाला केलेली मदत आहे.

आता कागद. इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे अडून बसलेला आहे.

आठवीतल्या मुलाने राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा दिली आणि निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सरकारी, अनुदानित आणि महापालिका शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. आईबापांपैकी कोणी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेलं असेल तर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये, हजेरी ७५ टक्के असली की झालं. वडील वारलेले असतील किंवा आई एकटीच सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. निराधार विधवेला संजय गांधी योजनेत महिन्याला १,५००. महापालिका स्वतः दहावीनंतर १५,००० आणि बारावीनंतर २५,००० रुपये देते. त्यासाठी एरवी ८० टक्के गुण लागतात, महापालिका शाळेच्या, रात्रशाळेच्या आणि मागासवर्गीय मुलांना ७० टक्के पुरतात. एका घरात यातल्या दोन गोष्टी जरी लागू झाल्या तरी जूनचं कर्ज टळतं.

आणि तरी त्या लागू होत नाहीत. बांधकाम मंडळाला वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. अड्ड्यावरच्या माणसाचा ठेकेदार दर आठवड्याला वेगळा, सही कोण देणार? उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, त्याची मुदत संपते आणि दरवर्षी पुन्हा काढावा लागतो. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तोही मूळ गावच्या तालुक्यातून. आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांच्या नावावर जमीन नाही, तर पुरावा कुठून आणायचा? लातूर किंवा धाराशिवकडच्या गावी दोन-तीन खेपा, म्हणजे आठवडाभराचे खाडे आणि एसटीचं भाडं.

शाळेत भरवलेल्या एका दाखल्यांच्या शिबिरातलं एक टेबल डोळ्यांसमोर आणते. रविवारची सकाळ. पस्तिशीची बाई, बरोबर सहावीतला मुलगा, हातात किराणा दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. आम्ही ते बाकावर मांडले. रेशनकार्डावर तिचं नाव ‘लक्ष्मीबाई’, आधारवर ‘लक्ष्मी’, पासबुकावर माहेरचं आडनाव. लाईट बिल घरमालकाच्या नावाचं. मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावात एक अक्षर चुकलेलं. सगळ्यात खाली घडीवर घडी पडून फाटत आलेला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तीन वर्षांपूर्वीचा. तीन वर्षं ती बालसंगोपनाला पात्र होती, आणि तीन वर्षं तिच्या मुलाच्या हजेरीपत्रकाजवळून रोज माणसं जात-येत होती. वडील नाहीत हे शाळेला माहीत होतं. अशा घरासाठी योजना आहे हे जवळच्या कुणाला ना कुणाला माहीत होतं. दोन्ही माहित्या एका टेबलावर आल्या नव्हत्या एवढंच. त्या दिवशी आम्ही तिचे कागद स्कॅन केले, नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र वकिलाकडून तिथेच करून घेतलं, आधारदुरुस्तीसाठी कुठे आणि किती वाजता जायचं ते लिहून दिलं, आणि अर्ज बालकल्याण समितीपर्यंत पोहोचेपर्यंत एका कार्यकर्तीला तिच्याबरोबर जोडून दिलं. हे शेवटचं महत्त्वाचं. अर्ज भरून देणारे पुष्कळ असतात. अर्जाचं पुढे काय झालं हे महिन्याने विचारणारं माणूस मिळत नाही.

तुमच्या सोसायटीत हे काम करू शकणारी माणसं नक्की आहेत. निवृत्त बँक कर्मचारी, वकील, शासकीय कचेरीत नोकरी केलेलं कोणी, ऑनलाइन अर्जांना न घाबरणारी कॉलेजातली मुलं. महिन्यातून एक रविवार, शाळेचा एक वर्ग, दोन लॅपटॉप, एक स्कॅनर. शाळेकडून लागतं ते जनरल रजिस्टर. त्या जुन्या बांधीव वह्यांमध्ये वडिलांच्या, काकांच्या, आत्याच्या प्रवेशाची नोंद जातीसकट असू शकते, आणि त्याचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीने मिळाला की जातीच्या दाखल्याला मोठा आधार होतो. पुण्यात दोन-तीन पिढ्या राहिलेल्या वस्त्यांमध्ये, दांडेकर पूल, जनता वसाहत, काशेवाडी अशा ठिकाणी, ही नोंद सापडण्याची शक्यता चांगली असते. उतारा मागायला आलेल्या माणसाला ‘उद्या या’ न म्हणणं, ही शाळेने करण्याजोगी फार मोठी मदत आहे.

आधार नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात ते स्पष्ट केलं आहे. शिक्षणहक्क कायद्यात वयाचा पुरावा नसला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवायचं आहे. मुख्याध्यापकांवर ऑनलाइन नोंदींचा दबाव असतो, कारण शिक्षकांची पदं आधार जुळलेल्या पटावर मंजूर होतात. त्यांची अडचण खरी आहे. पण तिचा भार सहा वर्षांच्या मुलावर पडू नये. अशा वेळी नागरिकांनी शाळेशी भांडण्यापेक्षा आधार केंद्रवाल्याला शाळेत आणण्याची खटपट करावी.

आता शाळेच्या आतलं. ‘कोणी चित्रकलेचं साहित्य आणलं नाही? उभे राहा.’ हे वाक्य किती वर्गांत किती सहज बोललं जातं. उभं राहणारी मुलं दर वेळी तीच असतात. दुसऱ्या दिवशी ती येत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि माझ्या मते हा छळच आहे. उपाय साधा आहे. वर्गात एक उघडं कपाट ठेवा, त्यात वह्या, पेन्सिली, रंग, कंपासपेटी, सॅनिटरी पॅड, एखाददुसरा गणवेश. ज्याला लागेल त्याने घ्यावं, नोंद नाही, प्रश्न नाही. पहिल्या आठवड्यात सगळीच मुलं उगाच घेतात आणि शिक्षक म्हणतात की बघा, लुबाडतात. थोडे दिवस दम धरला की कपाट आपोआप स्थिरावतं. तुम्हाला दप्तरं-वह्या द्यायच्याच असतील तर या कपाटात द्या, वर्षभर थोड्या थोड्या. मुलांना रांगेत उभं करून, पाहुण्यांच्या हातून, फोटो काढत देऊ नका. सातवीतल्या मुलाला तो फोटो कळतो.

सलग तीन दिवस मूल आलं नाही की चौथ्या दिवशी कुणीतरी घरी गेलं पाहिजे. शाळाबाह्य मुलांच्या यादीत त्याचं नाव येईपर्यंत उशीर झालेला असतो. शिक्षकांना सर्वेक्षणं, मतदारयाद्या, पोर्टल यांतून सवड मिळत नाही हे मी रोज बघते, म्हणून हे काम वस्तीतल्याच एखाद्या बाईला मानधन देऊन सोपवावं असं माझं ठाम मत आहे. मानधन देऊन, फुकट नव्हे. तिला घर माहीत असतं, घरातली भांडणं माहीत असतात, बाप कुठल्या वेळी शुद्धीवर असतो हेही माहीत असतं. साधारण वर्षाच्या दप्तरवाटपाच्या खर्चात असं एक मानधन निघू शकतं.

मुली घरी का राहतात, याची चौकशी केली की बहुतेकदा उत्तर एकच येतं: धाकटी भावंडं. आई साडेसातला कामावर निघते. अंगणवाडी काही तास चालते. मधल्या वेळी दीड वर्षाच्या भावाला बघायला अकरा वर्षांची बहीण. तिला शाळेत आणायचं असेल तर त्या भावाची सोय लागते, प्रबोधनाने ते होत नाही. वस्तीतच पाळणाघर हवं, आईच्या कामाच्या वेळेप्रमाणे उघडणारं. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराने कर्ज, बचत आणि विम्याच्या जोडीला वस्त्यांमध्ये पाळणाघरं चालवली, ती याच गरजेतून. बांधकामांवर तारा मोबाईल क्रेशेस ही संस्था हेच काम करते. तुमच्या सोसायटीला एकच मोठी गोष्ट करायची असेल तर मी पाळणाघराचं भाडं आणि दोन ताईंचा पगार सुचवेन. किती मुली परत वर्गात दिसतील ते तुम्हाला वर्षभरात कळेल. काही शाळा मुलीला धाकट्या भावासकट वर्गात बसू देतात. मला ते आवडतं. आदर्श नाही, पण तिची हजेरी टिकते, आणि बालवाडीची एक चटई मागच्या कोपऱ्यात टाकली की निभावतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, पाचवीपर्यंत ४५० आणि पुढे ७०० उष्मांकांचा. नववी-दहावीच्या वर्गांना त्यात जागा नाही, म्हणजे भूक सगळ्यात जास्त असण्याच्या वयात ताट बंद होतं. शिवाय सकाळच्या सत्राची मुलं काही न खाता येतात, पहिल्या दोन तासांत पोट दुखतं म्हणून डोकं बाकावर टेकतात. गूळ-शेंगदाणे, केळं, उकडलेलं अंडं, जे जमेल ते पहिल्या तासाआधी. सगळ्या वर्गाला द्या, गरीब मुलं निवडून नको. पुण्याला विद्यार्थ्यांना जेवू घालायची परंपरा आहे, वार लावून, म्हणजे आठवड्यातल्या एकेका वारी एकेका घरी जेवून शिकलेल्यांच्या आठवणी आपण वाचलेल्या असतात. पण त्या वारांना जातीची चौकट होती आणि जेवणाऱ्याच्या मनावर उपकाराचं ओझं असे. त्याहून मला हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ जवळची वाटते. १९७४ मध्ये हमालांनी स्वतः सुरू केलेली, स्वस्त, पोटभर, आणि कुणीही पैसे देऊन ताठ मानेने जेवावं अशी. याच शहरात १८७७ च्या दुष्काळात जोतिराव-सावित्रीबाईंनी धनकवडीला बालाश्रम चालवला होता. शाळा काढणाऱ्या माणसांना अन्नाची सोय आपल्या कामाबाहेरची वाटली नव्हती.

अभ्यासाला जागा ही दुसरी सोपी गोष्ट. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही, शेजारचा स्पीकर. संध्याकाळी सहा ते नऊ शाळेचे दोन वर्ग किंवा तुमचं क्लबहाऊस अभ्यासिका म्हणून उघडा. पंखा, दिवा, पाणी, स्वच्छतागृह, आणि एक जबाबदार मोठं माणूस. शिकवायलाच हवं असं नाही. मुलींना घरापर्यंत पोहोचवायची व्यवस्था आधी करा, मग अभ्यासिका उघडा. उलट केलं तर आठवड्याभरात फक्त मुलगे उरतात. क्लबहाऊस देण्यावरून सोसायटीत वाद होईल. होऊ द्या, आणि तो वाद जिंका.

तुमच्या भागात बांधकामं चालू असतील, तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये मराठवाडा, कर्नाटक, बिहार, छत्तीसगडकडची मुलं असतात. साइट बदलली की शाळा सुटते. स्थलांतरित मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं कायद्याने महापालिकेचं काम आहे. डोअर स्टेप स्कूल या संस्थेने १९९३ पासून पुण्यात बांधकामांवरच वर्ग भरवून आणि मुलांना जवळच्या शाळेत पोहोचवून हे काम कसं करायचं ते दाखवून दिलेलं आहे. नागरिकांनी करायचं ते एवढंच: मुलं दिसली की शाळेला कळवा, प्रवेश झाला का याचा पाठपुरावा करा, रस्ता ओलांडायला माणूस नेमा. कुटुंब गावी परत जाताना शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यावं, म्हणजे तिकडची शाळा मुलाला पुन्हा पहिलीत बसवणार नाही.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांबद्दल लोक विचारतात. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा एक लाख, आणि भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तिथेच कितीतरी अर्ज बाद होतात, कारण वस्तीतला घरमालक करार नोंदवत नाही. वकील मंडळींनी इथे हात द्यावा. २०२४ मध्ये सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून सूट देण्याचा बदल सरकारने केला, उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. प्रवेश मिळाला तरी पुढे खड्डा आहे: ही सवलत आठवीपर्यंत. नववीत पूर्ण फी समोर येते आणि मूल नव्या शाळेत, कधी नव्या माध्यमात जातं, दहावी दोन वर्षांवर असताना. तुमची मुलं ज्या शाळेत जातात तिथेही अशी मुलं असतील. पालक म्हणून तुम्ही नववी-दहावीची फीमाफी शाळेकडे मागू शकता, सहलीचा आणि स्नेहसंमेलनाचा खर्च सगळ्यांना झेपेल एवढाच ठेवा असं सांगू शकता, पालकांच्या गटावर मराठीतही निरोप टाकायला लावू शकता. एका पालकाने मागितलं तर ती तक्रार ठरते, वीस पालकांनी मागितलं तर शाळा बैठक बोलावते.

दहावीत नापास झालेल्याला दुसरी वाट दाखवणारं कुणी नसतं. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, रात्रशाळा आहेत, आयटीआय आहे, विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी वसतिगृहं १९५५ पासून गावाकडच्या मुलांना या शहरात उभं राहायला जागा देत आली आहेत. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना शेजारी बसणारं एक माणूस मिळालं की यातलं बरंच हाताला लागतं.

शनिवारी तासभर इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या उत्साही तरुणांना मी नको म्हणत नाही, पण दोन वर्षं टिकणार असाल तरच या असं स्पष्ट सांगते. दर तीन महिन्यांनी निरोप घेणाऱ्या दादा-ताईंची मुलांना सवय लागते, आणि मग ती कुणाशीच जीव लावून बोलत नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. सभा मात्र दुपारी बारा वाजता असते. सही करून परत कामावर धावणाऱ्या आईचं मत कुठे नोंदलं जाणार? सभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्या, लहान मुलांना सांभाळायला कोणी ठेवा, चहा द्या, इतिवृत्त वाचून दाखवा. आणि वर मी जे सुचवलं त्यातलं आधी काय करायचं हे तिथे बसलेल्या आयांना ठरवू द्या. माझ्या अनुभवात त्या पाळणाघर किंवा दाखले यांपैकी एक निवडतात. तुमच्या वस्तीत कदाचित नळाची वेळ निघेल, कारण पाणी सकाळी शाळेच्या वेळेतच येत असेल. तसं असेल तर नळाच्या वेळेसाठी क्षेत्रीय कार्यालयात त्यांच्याबरोबर जा.

सुरुवात करायची झाली तर मार्च संपायच्या आत मुख्याध्यापकांना भेटा आणि सातवी-आठवीच्या वर्गशिक्षकांकडून दोन गोष्टी विचारून घ्या: कुणाचे वडील किंवा आई नाहीत, आणि यंदा कुणाची हजेरी दिवाळीनंतर तुटली. यादी शाळेतच ठेवा, फोनवर फिरवू नका. दाखल्यांचं पहिलं शिबिर एप्रिलच्या एखाद्या रविवारी धरा, कारण नव्या आर्थिक वर्षाचे उत्पन्नाचे दाखले तेव्हापासून निघायला लागतात आणि जूनमधली सेतू केंद्रांवरची गर्दी टळते. मे महिन्याच्या पगाराचा ठराव त्याच्याही आधी, सोसायटीच्या मार्चच्या सभेत घ्या.